निकट संपर्क

एरवी मी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवते.
मुलं घरी, रंगपेट्या कपाटात,
म्हणून मला कोपरखैरण्याचा नकाशा दिला
आणि जन्ममृत्यूच्या खिडकीमागची खोली.

दुकानं सम-विषम उघडायला लागली
तसे नकाशावर ठिपके उगवले.
सेक्टर पाच. सेक्टर अठरा. खाडीकडच्या रस्त्याला तीन.
लाल ठिपके संपले, स्टेशनरीवाल्याची बाजू उद्याची,
मग मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं.
साहेब म्हणाले, चालेल.

फोन करायचा. नाव, वय, ताप कधीपासून.
चौदा दिवसांत कुणाकुणाला भेटलात?
लोक आधी घाबरतात, मग विसरतात.
एकजण म्हणाला, कुणालाच नाही,
आणि त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं,
मांडववाल्याचे पैसे दिलेत का?

बिडवे मात्र विसरला नव्हता.
भानुदास बिडवे, सलून, सेक्टर सात,
उघडून चारच दिवस झालेले,
आता क्वारंटाइनच्या खाटेवरून बोलत होता.
नावं नाही सांगता येत मॅडम, डोकी सांगतो. लिहा.

दोन भोवरे, लग्न ठरलंय.
डाव्या कानामागे टाक्यांची खूण, बँकेत असतो.
बायकोनं घरी कापून बिघडवलेलं, सारखं करून दिलं.
पोरगं, बापाच्या मांडीवर, फार रडलं.

तीस डोकी.
एकोणतीस मला परवा संध्याकाळपर्यंत सापडली.

राहिलं ते म्हाताऱ्याचं. केस नव्हतेच.
टाळूवर घट्टा, तळहाताएवढा.
मग कापलं काय?
काही नाही. कानाशी कात्री वाजवली.
दाढीला परवानगी नव्हती, नाहीतर तीच केली असती.
मग जरा डोकं दाबून दिलं. खुर्चीतच झोपला.
नाही उठवलं मी. गिऱ्हाईक बाहेर उभं ठेवलं.

घट्टा म्हणजे माथाडी, हे मला कुणी सांगायला नको.
माझ्या वर्गातली मुलं बाप काढतात
तेव्हा वर गोणी काढतात, खाली दोन पाय,
मधला माणूस काढायचा राहून जातो.

माथाडींच्या बैठ्या घरांत आज सापडला.
हैबती रांजणे, वय एकाहत्तर, गाव जावळीत.
मुलगा-सून मार्चमध्येच गावी गेली,
गाडीत पाचवी जागा नव्हती.

बाबा, चौदा दिवसांत कुणाकुणाला भेटलात?
खोकला. मग बराच वेळ नुसता पंखा.
दूधवाला पिशवी कडीला अडकवतो.
वाणी दोरीच्या पलीकडून सामान सरकवतो.
आणि सलून?
गेलतो.
पुन्हा पंखा.
शिमग्यापासनं माणसाचा हात लागला नव्हता, बाई.

अर्जात रकाना आहे, अतिजोखमीचे निकट संपर्क.
लिहिलं, एक.
शेजारी संपर्काचं कारण.
लिहिलं, केस कापणे.
तिथे दोनच शब्द मावत होते.

फोन ठेवता ठेवता म्हातारा म्हणाला,
त्या पोराला माझ्यामुळं तर नाही ना झालं?
मला हसू आलं नाही.
सकाळी बिडव्यानं हेच विचारलं होतं,
याच शब्दांत, फक्त पोराच्या जागी बाबा.
ताप दोघांना एकाच रात्री आलेला.

शेवटची टिकली होती, काळी, जराशी मोठी.
ती माथाडी वसाहतीवर लावली,
सलूनपासून तिथपर्यंत रेघ ओढली,
पट्टी न लावता, वर्गात ओढते तशी.

सहाला रुग्णवाहिका गेली त्या बाजूला.
साहेब नकाशापाशी आले, चष्मा वर केला.
बाई, बाण राहिला. कुणाकडून कुणाकडे?

म्हटलं, पेन्सिलीचं टोक मोडलंय.